चार पंख्यांचं यंत्र पडतं तेव्हा

घरी जुळवलेलं क्वाडकॉप्टर पडलं, की पहिला मोडतो तो प्रोपेलर. मग एखादा हात (म्हणजे ज्याच्या टोकाला मोटर बसवलेली असते ती दांडी) तडकतो, कधी मोटरचा दांडा वाकतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं, त्यामुळे माणूस लगेच दुरुस्तीला बसतो. नवा प्रोपेलर, थोडं फेव्हीक्विक, दोन झिपटाय, आणि पुन्हा गच्चीवर. यंत्र पुन्हा वर जातं आणि पुन्हा पडतं. कारण जे मोडलं ते पडल्यामुळे मोडलं. ते ज्यामुळे पडलं, ते जागच्या जागी सुखरूप असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तो हाच प्रकार.

गंमत म्हणजे हे यंत्र गेली शंभराहून जास्त वर्षं असंच पडत आलंय. आजकाल ड्रोन म्हटलं की लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारं काहीतरी नवंकोरं डोळ्यांसमोर येतं. पण चार पंख्यांवर उडायची कल्पना जवळजवळ विमानाइतकीच जुनी आहे, आणि तिचा बराचसा इतिहास म्हणजे चुकीच्या ठिकाणी केलेली दुरुस्ती.

सुरुवात १९०७ मध्ये, उत्तर फ्रान्समधल्या दुए या गावी. लुई आणि जॅक ब्रेगे हे दोन भाऊ, आणि त्यांच्या सोबत शार्ल रिशे नावाचे प्राध्यापक. (हे रिशे मूळचे शरीरशास्त्रज्ञ. ॲलर्जीच्या तीव्र झटक्यावरच्या संशोधनासाठी त्यांना १९१३ चं नोबेल मिळालं. त्या काळच्या माणसांना एकाच विषयात अडकून राहायची सवय नव्हती.) या मंडळींनी पोलादी नळ्यांचा एक अजस्र सांगाडा बांधला, चार टोकांना चार भलेमोठे पंखे लावले आणि मधोमध इंजिन आणि चालक. चालक म्हणून मुद्दाम हलक्या वजनाचा माणूस निवडला होता. यंत्र जमिनीपासून साधारण दोन फूट उचललं गेलं, पुढे दीड मीटरपर्यंतही गेलं. पण त्याला मोकळं सोडायची सोय नव्हती. चार कोपऱ्यांना चार माणसं उभी राहून ते धरून ठेवत होती.

इतिहासाच्या पुस्तकांत या चार माणसांमुळे त्या उड्डाणाचा मान थोडा कमी होतो. 'खरं मुक्त उड्डाण नव्हे' असा शेरा मारून लेखक पुढे जातात. मला मात्र त्या अख्ख्या प्रसंगात हीच चार माणसं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. त्यांचं काम काय होतं? आपला कोपरा वर जातोय असं वाटलं की त्याला आवरायचं, खाली जातोय वाटलं की सावरायचं. बस्स. उचलण्याची ताकद इंजिनात होती, पंखे हवा ढकलत होते. यंत्रात नव्हतं ते हे सावरणं, आणि ते माणसांकडून उसनं घेतलं होतं. ब्रेगेंनी पुढच्या वर्षी दुसरं यंत्र बनवलं, तेही खाली आदळून मोडलं, दुरुस्त झालं आणि शेवटी वादळात गेलं. मग ते साध्या विमानांकडे वळले आणि त्यात त्यांनी मोठं नाव कमावलं. असो.

पुढचं पान १९२२ चं. आणि इथे इतिहासानं असा योगायोग घडवून आणलाय, की कादंबरीत कुणी लिहिला असता तर आपण नाक मुरडलं असतं.

जॉर्ज द बोथेझाट हा रशियातला गणिती अभियंता. १९११ मध्ये पॅरिसला त्यानं डॉक्टरेट मिळवली, तीही विमानाच्या स्थैर्यावर. क्रांतीनंतर देश सोडून १९१८ मध्ये तो अमेरिकेत आला. तिथल्या सैन्यानं १९२१ मध्ये त्याला हेलिकॉप्टर बांधायचं कंत्राट दिलं. ओहायो राज्यातल्या डेटनला, म्हणजे राइट बंधूंच्याच गावात, मॅककुक फील्डवर त्यानं इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा सांगाडा उभा केला. टोकांना चार पंखे, प्रत्येकाला सहा पाती, वजन दीड टनाहून जास्त. १८ डिसेंबर १९२२ ला मेजर थर्मन बेन यांनी ते उडवलं. एक मिनिट बेचाळीस सेकंद ते हवेत होतं, जेमतेम माणसाच्या उंचीइतकं वर. वारा नेईल तिकडे ते सरकत गेलं, आणि जाऊन अलगद टेकलं. पुढे त्याची शंभरेक उड्डाणं झाली, पण उंची पाच मीटरच्या आसपासच अडली. यंत्र गुंतागुंतीचं, ताकद अपुरी, आणि चालकाची पुरती दमछाक. एका माणसाला एकाच वेळी चार पंख्यांचा तोल, दिशा आणि उंची सांभाळायची होती. दोन लाख डॉलर खर्च झाल्यावर १९२४ मध्ये सैन्यानं हात आखडते घेतले.

आता दुसरा माणूस. निकोलस मिनोर्स्की, हाही रशियन, हाही १९१८ मध्ये अमेरिकेत आलेला. बोथेझाटचं यंत्र उडालं त्याच १९२२ साली त्याचा एक निबंध नौदलाच्या अभियंत्यांच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता जहाज आपोआप सरळ कसं ठेवावं. मिनोर्स्कीनं सुकाणू धरणाऱ्या माणसांकडे नीट पाहिलं होतं. चांगला सुकाणूवाला नुसतं 'जहाज किती भरकटलंय' एवढंच बघत नाही. किती वेळ भरकटतंय हेही त्याच्या मनात असतं, आणि किती वेगानं भरकटतंय हेही. या तीन गोष्टींची बेरीज करून तो चाक फिरवतो. मिनोर्स्कीनं हे गणितात मांडलं. अमेरिकन नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्याही झाल्या. पद्धत चालली, पण नौदलानं ती स्वीकारली नाही. सुकाणूवाल्यांना यंत्राची लुडबुड नको होती असं सांगतात.

आज कुठल्याही क्वाडकॉप्टरच्या पोटात जे गणित सेकंदाला शेकडो वेळा चालतं, ते हेच. पी, आय आणि डी. पी म्हणजे आत्ता किती कलंडलंय, आय म्हणजे किती काळ कलंडलेलं आहे, डी म्हणजे किती झपाट्यानं कलंडतंय. एकाच देशात, एकाच साली, एकाच देशातून परागंदा झालेल्या दोन माणसांपैकी एकाकडे रोगी होता आणि दुसऱ्याकडे औषध होतं. अर्थात ते एकमेकांना भेटले असते तरी फारसं काही झालं असतं असं नाही. औषधाची वाटी होती, पण ते पाजायला चमचा नव्हता. आठ मीटर व्यासाचा पंखा क्षणात जोरात किंवा हळू फिरवता येत नाही, त्याच्या जडपणामुळे तो ऐकत नाही. आणि यंत्र किती कलंडलंय हे मोजायला तेव्हा जो जायरोस्कोप होता, तो म्हणजे जड, फिरणारं धातूचं चाक.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये एतियेन ओमिशेन नावाचा प्यूजो कंपनीतला अभियंता वेगळ्या वाटेनं चालला होता. हा गृहस्थ पक्षी आणि कीटक कसे उडतात ते पाहण्यात रमणारा. त्याच्या पहिल्या यंत्राला तोल सांभाळायला वर हायड्रोजनचा फुगा बांधलेला होता. म्हणजे ब्रेगेंची चार माणसं गेली आणि फुगा आला! दुसऱ्या यंत्रात त्यानं फुगा काढला. चार मोठ्या पंख्यांशिवाय आणखी आठ छोटे प्रोपेलर लावले. त्यातले पाच निव्वळ तोल राखण्यासाठी, एक नाकाशी दिशा वळवायला आणि दोन पुढे जायला. हे सगळं एका इंजिनावर, आणि चालवणारा स्वतः ओमिशेन. हजाराच्या वर उड्डाणं केली त्यानं. ४ मे १९२४ ला एक किलोमीटरचा फेरा मारून तो निघाला तिथेच परत आला. वेळ लागला सात मिनिटं चाळीस सेकंद. माणूस चालत गेला असता तर फार उशीर झाला नसता, पण हेलिकॉप्टरनं असा पूर्ण किलोमीटरभर फेरा मारण्याची ती पहिलीच वेळ.

बोथेझाट आणि ओमिशेन यांच्यात कोण मोठा, या वादात मला पडायचं नाही. पण शंभर उड्डाणं आणि हजार उड्डाणं यातला फरक मला फार बोलका वाटतो. एकाकडे सिद्धांत होता, दुसऱ्याकडे पाना आणि चिकाटी. उडवायचं, काय बिघडलं ते बघायचं, एक गोष्ट बदलायची, पुन्हा उडवायचं. असं करत करत तो त्या यंत्राला जिथवर नेता येणं शक्य होतं तिथवर घेऊन गेला. त्यापुढे वाट नव्हती. मग आला तिसरा रशियन, इगोर सिकॉर्स्की. त्यानं १९३९ मध्ये एक मोठा पंखा आणि शेपटीकडे छोटा पंखा असा संसार मांडला. तेही यंत्र त्याच वर्षी उलटून मोडलं. त्यानं ते दुरुस्त करताना शेपटीकडची रचनाच बदलली, आणि १९४१ पर्यंत पुन्हा पुन्हा बदलत राहिला. हेलिकॉप्टर म्हणून आपण आज जे ओळखतो ते या खटपटीतून आलं. चार पंख्यांची कल्पना माळ्यावर गेली. मधे १९५०च्या दशकात अमेरिकेत एकदोनदा कुणी ती खाली काढून झटकली, एवढंच.

ती परत आली ती विमानाच्या कारखान्यातून नाही, तर खेळण्यांच्या आणि भंगाराच्या डब्यातून. २०००च्या सुरुवातीला काही हौशी लोक जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हमधल्या मोटरी काढून, त्यांना नव्यानं तार गुंडाळून छोट्या विमानांना लावायला लागले. हलकी लिथियम पॉलिमर बॅटरी मोबाइलच्या कृपेनं स्वस्त झाली. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनोचा बोर्ड आला, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून बनवलेला. आणि जून २००९ मध्ये निन्टेन्डोनं आपल्या वी या खेळाच्या रिमोटला लावायचं एक पेटीवजा जोडकाम काढलं, मोशन प्लस. टीव्हीसमोर उभं राहून खोटी तलवार फिरवताना मनगट किती वळलं हे त्याला कळायचं, कारण आत सिलिकॉनचा नखाएवढा जायरो होता. २०१० मध्ये फ्रान्समधल्याच (पुन्हा फ्रान्स!) एका हौशी माणसानं ही पेटी फोडून आतला जायरो आर्डुइनोला जोडला, मिनोर्स्कीचं गणित लिहिलं आणि सगळं मल्टीवी या नावानं फुकट वाटून टाकलं. दुएच्या चार कोपऱ्यांवरची ती चार माणसं खेळण्यातल्या एका चिपमध्ये जाऊन बसली.

पंखा लहान झाला हे इथे फार कामी आलं. दहा इंची प्लास्टिकचा पंखा विजेच्या मोटरवर सांगाल तसा क्षणात वेग बदलतो. क्वाडकॉप्टर उडायचं तर आधी ते छोटं व्हावं लागलं.

पण म्हणून पडणं थांबलं का? छे. उलट आता ते घरोघरी पडायला लागलं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरून, काही सामान बाहेरून मागवून, पोरांनी आपापली यंत्रं जुळवली आणि पाडली. त्या पाडण्यातून एक फार छान निदानशास्त्र तयार झालं. वैद्य नाडी बघतो तसं. ते थोडं सविस्तर सांगतो.

जमिनीवरून उठताक्षणी पालथं पडलं, तर हवेतलं काही शोधायला जाऊ नये. चूक जुळवणीत आहे. समोरासमोरच्या, म्हणजे कर्णावरच्या दोन मोटरी एका दिशेनं आणि उरलेल्या दोन उलट दिशेनं फिरायला हव्यात, आणि ज्याची त्याची पाती त्या त्या बाजूची हवीत. एक जरी उलटी लागली तरी खेळ खलास. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, ती सरळ होते. हे बरोबर असूनही पालथं पडत असेल तर फ्लाइट कंट्रोलरचा बोर्ड फिरवून बसलाय. त्याला वाटतंय पुढे उजवीकडे आहे. तो अगदी इमानदारीनं सावरतो, पण भलत्याच बाजूला, आणि सावरता सावरता आपणच उलथतो.

वर गेलं, पण ताप भरल्यासारखं थरथरतंय, तर पी जास्त आहे. दारू प्यायल्यासारखं झुलतंय, तर कमी आहे. इथपर्यंत सोपं. पण काल गुणी असलेलं यंत्र आज थरथरायला लागलं, तर आकड्यांना हात लावू नये. नेमकं तेच सगळे करतात. काल पडलं तेव्हा एखाद्या मोटरचा दांडा केसभर वाकलेला असतो किंवा हाताला बारीक चीर गेलेली असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण जायरोला तिचा कंप बरोबर जाणवतो. अशा वेळी आकडे कमी केले की थरथर थांबते आणि माणूस खूश होतो. पखालीला औषध मिळालेलं असतं! दोन दिवसांनी तो हात हवेतच तुटतो. खरा उपाय म्हणजे एकेक मोटर वेगळी फिरवून बघणं, प्रोपेलर आडव्या काडीवर तोलून हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावणं.

आणि सगळ्यात छळवादी रोग म्हणजे कधीतरीच पडणं. नऊ वेळा व्यवस्थित, दहाव्यांदा एका कोपऱ्यानं मान टाकली आणि गरगरत खाली. चारच पंखे असल्यामुळे एक गेला की बाकीचे तीन सहसा काही करू शकत नाहीत. नव्याण्णव टक्के लोक (आकडा माझा, शास्त्रीय नव्हे) सॉफ्टवेअर बदलतात. दोष बहुधा कुठल्या तरी कच्च्या सोल्डरमध्ये असतो. टेबलावर तो सापडत नाही, कारण टेबलावर मोटर इतका करंट खेचत नाही आणि इतकी हलतही नाही. तार बोटानं हलवत हलवत, अर्ध्या जोरावर मोटर फिरवत (अर्थात प्रोपेलर काढून) तो शोधावा लागतो. ज्यानं हे एकदा केलंय त्याला ओमिशेनच्या हजार उड्डाणांबद्दल वाटणारा आदर वेगळाच असतो.

पडण्याची किंमत हाही मुद्दा आहेच. पॉल मॅकक्रेडी या अमेरिकन अभियंत्यानं माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणारं 'गॉसमर काँडर' १९७७ मध्ये उडवलं आणि १९५९ पासून कुणाला न मिळालेलं क्रेमर पारितोषिक जिंकलं. इतरांनी सुबक विमानं बांधली होती, ती एकदा पडली की महिनोन्महिने दुरुस्ती. त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्या, प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि चिकटपट्टी वापरून असं विमान केलं, की पडलं तरी लगेच जोडून पुन्हा उडवता यावं. त्यामुळे एक वर्षाच्या आसपास त्याला जितकं शिकता आलं तितकं इतरांना अठरा वर्षांत आलं नाही. हौशी क्वाडकॉप्टरवाल्यांना हे वरदान आपोआप मिळालं. प्लास्टिकचा प्रोपेलर स्वस्त असतो, आणि आत कुणी बसलेलं नसतं.

आपल्याकडे हे यंत्र बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते सिनेमात. डिसेंबर २००९ मध्ये 'थ्री इडियट्स' आला. त्यात जॉय लोबो नावाचा विद्यार्थी चार पंख्यांचं यंत्र बनवत असतो. ते उडत नाही, मुदत वाढवून मिळत नाही, वर्ष वाया जाणार असतं. त्यानं टाकून दिलेलं यंत्र रँचो उचलून आणतो, दुरुस्त करतो, कॅमेरा बसवून उडवतो. सगळं हॉस्टेल आरडाओरडा करतंय, यंत्र एकेक मजला वर चढतंय, आणि जॉयच्या खिडकीशी पोहोचतं तेव्हा कॅमेऱ्यात दिसतं की त्यानं गळफास घेतलाय. पडद्यावर उडालेलं ते यंत्र आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचं होतं. तेव्हा ती अगदी नवी होती. २०२३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

सिनेमा पाहताना लोक त्या प्रसंगाला रडतात, आणि ते बरोबरच आहे. मला त्याच्या आधीचा भाग जास्त टोचतो. जॉयच्या यंत्राला काय झालं होतं, हे त्याला कुणी विचारलंच नाही. न उडणाऱ्या यंत्राकडे बघून निर्णय झाला तो मुलाबद्दल. बोथेझाटबद्दल अमेरिकन सैन्यानं थोडंफार असंच केलं होतं, पण तो निदान चाळिशी गाठलेला, नाव असलेला माणूस होता. त्यानं पुढे पुन्हा हेलिकॉप्टरं बांधली.

नंतरच्या वर्षांत आपल्याकडे हौशी लोकांची वेगळीच अडचण झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी उड्डाण महासंचालनालयानं ड्रोन उडवायला मनाई करणारी सूचना काढली. नियम लागू व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला, आणि ते सुटसुटीत व्हायला २०२१. तोवर तयार ड्रोन इतके शहाणे झाले होते, की घरी जुळवायची गरजच अनेकांना वाटेनाशी झाली. बटण दाबलं की ते उठतात, सोडलं की जागच्या जागी थांबतात. पडले तर कंपनीकडे पाठवायचे.

जे अजूनही घरी जुळवतात, त्यांच्यात पहिल्या उड्डाणाआधीची एक तपासणी ठरलेली आहे. चारही प्रोपेलर काढायचे, बॅटरी जोडायची, मोटरी हळू फिरत ठेवायच्या आणि यंत्र हातात घेऊन एका बाजूला कलतं करायचं. जी बाजू खाली गेली तिथल्या मोटरींचा आवाज चढला पाहिजे, वरच्या बाजूचा उतरला पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला, मग पुढे, मग मागे. चारही कोपरे असे कानांनी ऐकून झाले, की प्रोपेलर लावायचे.